मार्तंड भुवडची समोरची पार्टी

मार्तंड भुवडला भांडल्याशिवाय गाता येत नाही, हे मी तीस वर्षं त्याच्या मागे बसून झांज वाजवत बघतोय. झांज मला येत नाही, हे तो तीस वर्षं सांगतोय.

आम्ही चारकोपचे शेजारी. तो इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर होता, मी विमा कंपनीत. मार्तंड मूळचा गुहागरकडचा, तुरेवाला शाहीर. आमच्या शक्ती-तुऱ्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक शक्तीवाली, एक तुरेवाली. मध्ये पोरं गोल करून जाखडी नाचतात आणि शाहीर गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात. सवाल पुराणातला, पण टोमणा समोरच्याच्या टकलावर. उत्तर आलं नाही तर मृदंग खाली ठेवून हार मानायची, हा आमच्या मंडळाचा रिवाज.

कांदिवलीचा रतन हा मार्तंडचा ठरलेला शक्तीवाला. पंचवीस वर्षं दोघांनी एकमेकांची सालटी काढली आणि कार्यक्रम संपला की एकाच बशीतली भजी खाल्ली. दोन वर्षांपूर्वी रतन गेला. तेव्हापासून मृदंग खुंटीला. मंडळातली पोरं म्हणायची, "काका, नुसती जाखडी करू ना, सवाल कशाला?" हा म्हणायचा, "समोर कोण नाय तर गाऊ कोणाला, भिंतीला?" घरात तर बोलणंच आटलं. भाजी खारट झाली तरी गप्प जेवायला लागला, तेव्हा सुनंदावहिनी घाबरल्या.

त्यांची मुलगी अपूर्वा अंधेरीच्या एका सांस्कृतिक संस्थेत कामाला आहे. श्रीलंकेतल्या कँडीहून आलेल्या नर्तकांची एक संध्याकाळ तिने आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठरवली. पंधरा मिनिटं आपली जाखडी, मग त्यांचं नृत्य, मग कांदेपोहे. पत्रकावर 'शेजारी देशांची कलाभेट' असं छापलं होतं. मार्तंडने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि त्यातून एवढंच घेतलं की समोर पार्टी येतेय.

चार दिवस गॅलरीत येरझाऱ्या घालून त्याने सवाल बांधला.

"लंकेच्या शाहिरा, सांग मला नेमाने,
दहा तोंडांचा राजा जेवला कुठल्या तोंडाने?"

अपूर्वाने कपाळावर हात मारला. "बाबा, वाट लावाल माझी! पाहुणे आहेत ते. सामना नाहीये हा."

"मैदानात उतरतायत ना? मग सवाल घ्यायलाच लागणार."

शेवटी फक्त गणेशाचा गण गाईन, असं त्याने कबूल केलं. कबूल करताना तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पाहुण्यांचा मुख्य ढोलवादक सुमनदास. साठीचा, काटक, कमरेला लांबट ढोल बांधलेला. समोर मांडी घालून त्याने आमचा गण मान डोलवत ऐकला. गण संपला आणि सवाल टाकताना जातो तसा मार्तंडचा उजवा हात वर गेला. "नको रे," मी मागून म्हणालो. तोवर दहा तोंडांचा राजा हॉलभर झाला होता. मराठी मंडळी आधी हसली, मग पाहुण्यांकडे बघून चपापली. हे काय गातायत, असं सुमनदासने विचारलं. अपूर्वाने जमिनीकडे बघत इंग्रजीत सांगून टाकलं. खरं सांगतो, पोरीचा पडलेला चेहरा बघून मला मार्तंडचा भयंकर राग आला.

सुमनदास उठला. ढोलावर एक बोल वाजवला, मान डावीकडे वळवली आणि घास चावल्यासारखं केलं. दुसरा बोल निराळा, मान थोडी उजवीकडे, दुसरा घास. असे दहा बोल, दहा घास, एकासारखा दुसरा नाही. मग ढोल थांबवून त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि एक बोट दाखवलं. तोंडं दहा असतील, पोट एकच! हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यांत मोठ्याने "वा रे गड्या!" ओरडला तो मार्तंड.

आता सवाल टाकायची पाळी सुमनदासची. हा रिवाज त्याला कोणी सांगितला नव्हता, तरी त्याने मार्तंडकडे बघून भुवई उडवली आणि एक ठेका वाजवला. मार्तंडने तो मृदंगावर धरायला घेतला. शेवटाकडे घसरला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदाही तिथेच. सगळ्यांचं लक्ष मृदंगाकडे. मार्तंडने घाम पुसला, मृदंग आणखी घट्ट धरला आणि म्हणाला, "उद्या सांगतो."

अडला की मार्तंड रतनलाही हेच सांगायचा. पण ही मंडळी सकाळच्या विमानाने चालली होती. अपूर्वाने ते इंग्रजीत सांगितल्यावर सुमनदास हसून म्हणाला, "उत्तर घेऊन कँडीला या. मी वाट बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तो जाब विचारायलाच. पोरीची माफी मागायला लावायची असं ठरवून गेलो होतो. पण अपूर्वा जमिनीवर बसून बापाच्या पासपोर्टचा फॉर्म भरत होती. मार्तंड गॅलरीत साबुदाण्याच्या डब्यावर बोटं आपटत होता आणि तिथेच घसरत होता. "मेल्याने कुठून काढला असला ठेका! थांब, तुझं नाक नाय कापलं तर नाव सांगणार नाय! आणि सुनंदा, चहात साखर टाकायला हात मोडतात काय गं तुझे?"

मी वहिनींना म्हणालो, "हे काय बोलणं झालं? तुम्ही ऐकून कशा घेता?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "बोलू दे हो त्यांना, भावजी," त्या म्हणाल्या. "साखर मी मुद्दामच घातली नव्हती."