साय धरलेलं लोखंड

आमच्या खळ्याच्या कडेला एक मांडणी उभी आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणी खाट तिरकी करून उन्हात टाकलीय. मुरबाडहून घाटाकडे जाणारे येणारे विचारतात, सोलर बसवलं काय? मी म्हणते, नाय बाबा, लोखंड वाळत घातलंय. हसतात आणि जातात.

ती मांडणी एका पोरीची. मुंबईच्या कॉलेजात शिकत होती, डॉक्टर व्हायचं होतं तिला, पण माणसांची नव्हे, लोखंडाची. आमच्या म्हाताऱ्याला हे ऐकून फार मजा वाटली.

"लोखंडाला काय ताप येतो काय गो?"

"येतो ना बाबा. गंज म्हणजे काय मग?"

तेव्हापासून दोघांचं जमलं. ती आली की हा आधी चहा टाकायला सांगणार.

मांडणीवर वहीच्या पानाएवढे तुकडे अडकवले होते तिने. लोखंडच, पण त्यात थोडं तांबं, थोडं निकेल, आणखी काय काय मिसळलेलं. मी म्हटलं, म्हणजे कालवणच की. बाजूला पावसाचं पाणी धरायला नरसाळं लावलेली बाटली, आणि हवेत किती ओल आहे ते सांगणारी एक डबी. तसलेच तुकडे तिने मुंबईत समुद्राजवळ टांगले होते आणि कारखान्यांच्या बाजूलाही. सगळे शहराची हवा मोजतात आजी, ती म्हणायची, इथली कुणी मोजलेलीच नाही. इथली हवा स्वच्छ, म्हणून इथल्या तुकड्यांवरून बाकीचे जोखायचे. हे नसतील तर तिकडच्यांना अर्थ नाही.

गंज वाईटच असतो असंही नाही, हे तिनेच मला शिकवलं. या जातीच्या लोखंडावर पाऊस आणि ऊन आलटून पालटून बसलं की गंजाचा एक घट्ट थर धरतो, आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. दुधावर साय धरते तसा. असल्या लोखंडाचे पूल केले तर रंगसुद्धा नको. साय किती धरली, कशी धरली, तेवढंच तिला बघायचं होतं. म्हणून हात लावायचा नाय, पुसायचं नाय, शेळी घासू द्यायची नाय. म्हातारा शेळ्यांच्या मागे काठी घेऊन धावायचा. पोरगी हसायची, "बाबा, तुम्हाला कॉलेजात नोकरी लावते."

दोन पावसाळे तुकडे तिथे होते. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर माझी भावजय पडली, कंबर मोडली तिची. मी शहापूरला गेले. दसऱ्याला घरी म्हातारा एकटा.

परत आले तेव्हा दाराला झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण. पडवीत फाळ, कोयता, पहार, कुऱ्हाड, सगळं घासून तेल लावून ओळीने मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. मला बरं वाटलं, माझ्यावाचून अडलं नाही म्हणून. मग खळ्याकडे नजर गेली.

तुकडे चकाकत होते. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, प्रत्येकावर झेंडूचं फूल.

"अवं, हे काय केलंत? हात लावू नका सांगितलं होतं ना तिनं?"

"पूजा म्हणजे काय हात लावणं असतं?" म्हातारा उलट माझ्यावरच चढला. "दसऱ्याला घरातलं सगळं लोखंड जेवतं, आणि पोरीचं तेवढं उपाशी ठेवू? राखेनं घासलं, काथ्यानं. सकाळ गेली माझी."

मी पोरीला फोन लावला, पण झालेलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ये गो, जमलं तर लवकर ये.

ती आली. हा तिला हाताला धरून घेऊन गेला. "बघ, कशी गंजली होती. आता तोंड बघून घे त्यात."

पोरीने एकेक तुकडा बघितला. मग वाकून त्याच्या पाया पडली. "छान केलंत बाबा," म्हणाली, आणि गोठ्यामागे गेली. मी मागोमाग गेले. ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडत होती. मी पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करता येत होतं मला? काढलेली साय दुधावर परत ठेवतो आपण? नाही ठेवता येत.

म्हातारा मागे आलाच, आणि त्याला खरं सांगावंच लागलं. तो घाबरला, पण गप्प बसेना.

"गंजच पायजे ना तुला? मागं पडवीत जुने पत्रे पडलेत, पायजे तेवढा ने! नायतर मीठपाणी मारतो याच्यावर, चार दिवसांत लाल होतील."

"तो मिठाचा गंज होईल बाबा. मला इथल्या हवेचा हवा होता."

"मग हवा कुठं गेलीय? आहेच की इथं."

ती रडता रडता हसली. तेल पुसून तुकडे पुन्हा चढवले तिने. बघू म्हणाली, कॉलेजातले सर मुदत वाढवून देतात का.

सरांनी नाही दिली. पुढच्या श्रावणात तिचा फोन आला. "आजी, मी नोकरी धरली. ते तुकडे आता काढून टाका, भंगारात द्या. बाबांना मात्र सांगू नका हं."

नाही सांगितलं. कसं सांगू? तो रोज सकाळी मांडणीपाशी उभा राहतो. नरसाळ्यातला पाला काढतो, शेळ्या हाकलतो. शेजारी पेरणीआधी शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजायला लागले की भांडायला जातो, धूर तिकडं सोडा म्हणून. तुकड्यांवर आता चांगली दाट साय धरलीय, गाभण म्हशीच्या पाठीसारखी काळपट.

यंदा दसऱ्याला त्याने सगळी हत्यारं पुजली. मग तेलाची वाटी घेऊन खळ्यावर गेला. मी अडवायला उठले, आणि मग आठवलं, आता त्याने पुसलं तरी कुणाचं काय जाणार आहे? पण त्याने नाही पुसलं. वाटी खाली ठेवली, हात मागे बांधले, आणि लांबूनच मान लववली.

"औंदा बघ कसं धरलंय," मला म्हणाला. "फोन कर गो तिला. आता ये म्हणावं."

मी फोन उचलला. कानाला लावून उभी राहिले, बटण न दाबताच. "लागत नाय," म्हटलं.

"रेंज नसेल. उद्या कर."