काकूंच्या राज्याची घटना

“आपल्या राज्याची घटना वाचली आहेस का रे?” पहिल्याच भेटीत काकूंनी विचारलं. आम्ही वेस्ट विंडसरला नुकतेच राहायला आलो होतो आणि शेजारच्या या काकू गाजराचा हलवा घेऊन आल्या होत्या.

मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो, “काकू, महाराष्ट्राला वेगळी घटना नसते.”

“महाराष्ट्र कोण म्हणालं? तू राहतोस कुठे?”

वेस्ट विंडसर नवं असलं तरी न्यू जर्सी राज्यात मी कित्येक वर्षं राहत होतो. इथले टोल मला पाठ होते. राज्याला स्वतःची घटना असते, हे मात्र त्या हलव्याबरोबर कळलं.

काकूंनी नागपूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. इतिहासाच्या पेपराला मागून चिकटवलेला तो विषय तुम्हीही माझ्यासारखाच ऑप्शनला टाकला असेल. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे आल्या आणि इथेही त्यांना वर्ग हवा होता. संध्याकाळच्या फेरीत त्यांना मी सापडलो.

“तीन घटना झाल्या आपल्या,” त्या सांगत. “पहिली सतराशे शहात्तरची, युद्धाच्या धामधुमीतली. मतदार कोण, तर ठरावीक मालमत्ता असलेले सगळे रहिवासी. मग काय, विधवा, बिनलग्नाच्या बायका, काळे लोक, सगळे मत देऊन आले!”

“मस्तच की.”

“कसलं मस्त? पुढे साधा कायदा करून काढून घेतलं. अठराशे चव्वेचाळीसच्या दुसऱ्या घटनेत तर ‘गोरे पुरुष’ असं लिहूनच टाकलं. तिसरी सत्तेचाळीसची. आपण तिकडे स्वतंत्र होत होतो ना, त्याच उन्हाळ्यात इकडे ही लिहिली. त्यात व्यक्ती म्हणजे बाई आणि पुरुष दोन्ही, असं स्पष्ट केलंय.”

हातात आलेलं मत परत जाऊ शकतं, हे त्यांना फार लागलं होतं.

एक दिवस त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. नागपूरचा धाकटा भाऊ चिडला. “या वयात भारताचा पासपोर्ट सोडतेस?” म्हणाला आणि फोन करायचाच बंद झाला.

“आयुष्यभर निवडणुकीची ड्युटी केली रे,” काकू मला म्हणाल्या. “इथले कायदे मलाही लागू आहेत. मग मी इथे नुसती नातवंडांची आजी म्हणून राहायचं?” मग नागरिकत्वाच्या परीक्षेची त्यांची तयारी करून घ्यायची जबाबदारी मी घेतली.

आम्ही आयटीवाले. मी चक्क स्लाइड्स बनवल्या. “काकू, विचारतील तेवढंच बोला,” हा माझा मोलाचा सल्ला. मुलाखतीत अधिकाऱ्याने राज्याची राजधानी विचारली. काकू “ट्रेंटन” म्हणाल्या आणि तिथून थेट पहिल्या घटनेवर गेल्या. तो ऐकत राहिला म्हणे. मी पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून, त्या नापास झाल्या तर काय बोलायचं याची तयारी करत होतो. त्या हसतच बाहेर आल्या.

नोव्हेंबरात मी त्यांना मतदानाला घेऊन गेलो. माझं काम झटपट उरकलं. काकू मात्र पडद्याआडून बाहेर येईनात. रांगेत चुळबुळ सुरू झाली. मी त्यांना ओळखत नसल्यासारखा भिंतीवरचं पोस्टर वाचत उभा राहिलो.

“घटनादुरुस्तीवरही मत द्यायचं होतं,” गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या. “कॉलेजच्या सगळ्या सामन्यांवर सट्टा लावू द्यायचा का? मी ‘नाही’ म्हटलं. तू?”

“घटनेत सट्टा? मला तो प्रश्न दिसलाच नाही, काकू.”

दुरुस्ती फेटाळली गेली. काकूंनी ही बातमी स्वतःहून नागपूरला फोन करून दिली. भाऊ म्हणाला, “ताई, सट्टेवाल्यांना हरवलंस म्हणे!” त्या फोनवर हसल्या आणि नंतर स्वयंपाकघरात बराच वेळ रडल्या, असं लेकीने सांगितलं.

त्याच हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. इथलं त्यांचं मतदान ते एकच.

तीन घटनांमधलं बरंचसं मी आता विसरलोय. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. मत देऊन झाल्यावर काकूंनी सवयीने डाव्या हाताची तर्जनी टेबलामागच्या मुलीपुढे धरली. इथे शाई लावत नाहीत, छातीवर लावायला स्टिकर देतात. ती गोरी मुलगी गोंधळली, तिने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि मतदान केल्याचा तो गोल स्टिकर अलगद त्या बोटाभोवती गुंडाळला. घर येईपर्यंत काकू ते बोट जपून, वर धरून बसल्या होत्या.