चंपाताईंची रिकामी काच

हितेंद्र सरांची मला शिसारी येते, आणि ती त्यांच्या गोड हसण्यापासून सुरू होते. पण ही गोष्ट चंपाताईंची आहे. सर मध्ये येतात, कारण ते सगळ्यांच्याच मध्ये यायचे.

चंपाताई आमच्या परळच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या रक्तवाहिन्यांचे काप काढायच्या. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. वाहिनीचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर केसाहून बारीक कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर अलगद उचलायचा. वडील गिरणीत तुटलेले धागे सांधायचे, लेकीच्या बोटांत तेच उतरलं होतं. बावीस वर्षांत त्यांचा काप चुरगळलेला मी पाहिला नाही.

सरांच्या औषधाची कल्पना मात्र चांगली होती, हे कबूल करायला हवं. रक्तवाहिनीच्या भिंतीत लेंग्याच्या इलॅस्टिकसारखे ताणून परत येणारे तंतू असतात. ते झिजून तुटले की वाहिनी फुगते आणि एक दिवस फुटते. सरांनी एक अँटिबॉडी घेतली होती, ती फक्त तुटलेल्या तंतूला चिकटायची. तिच्या पाठीवर औषधाचे कण लादून उंदराला टोचायचे, म्हणजे औषध नेमकं दुखऱ्या जागी पोचेल. पोचलं की नाही, ते चंपाताईंच्या कापावर औषधाला चिकटणारा रंग घालून बघायचं. पोचलं तर काप हिरवा चमकणार.

जानेवारीत काप घट्ट धरणारा लेप दिलेल्या काचा संपल्या. मागणी पाठवायला मीच विसरलो होतो. निरोगी उंदरांचे काप झाले होते, आजारी उंदरांचे राहिले होते. चंपाताईंनी मग त्यांना काम शिकवणाऱ्या जुन्या गुरुजींची युक्ती काढली. साध्या काचेवर बोटाने अंड्याचं पांढरं चोळायचं, काप सुटत नाही. पूर्वी सगळे तसंच करायचे.

निरोगी काचा काळ्या राहिल्या, आजारी काचा हिरव्यागार झाल्या. सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

चंपाताईंचा धाकटा भाऊ रघु लालबागच्या चाळीत त्यांच्याकडेच राहायचा. त्याच्या पोटातली मोठी वाहिनी फुगली होती. इस्पितळातले डॉक्टर ऑपरेशनची तारीख देत होते आणि हा भित्रा ती पुढे ढकलत होता. एकदा ताईंचा विसरलेला डबा द्यायला तो आला, तर सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कापाकापीची घाई कशाला? आमचं औषध येतंय की." झालं, रघुने तारीख सोडूनच दिली.

नव्या काचा आल्यावर चंपाताईंनी त्याच उंदरांचे काप पुन्हा काढले. एकही चमकला नाही. मग त्यांनी नुसत्या अंड्याच्या काचेवर रंग घातला, तर ती चमकली. रंगाला औषध सापडलंच नव्हतं, तो अंड्याला चिकटत होता. माझ्यादेखत त्यांनी सरांना सांगितलं, "सर, चूक माझी आहे. पण औषध पोचलेलं नाही."

सर हसले. "ताई, तुम्ही काप काढा, अर्थ मी काढतो. मंगळवारी पैसे देणारे पाहुणे येतायत."

"मग निदान माझ्या भावाला तरी खरं सांगा."

"त्याची उमेद कशाला मोडता?"

खोटं बोल पण रेटून बोल, हे ऐकून होतो. पण एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून रेटायचं? मला त्यांची शिसारी आली. आणि मी काय केलं? काचांची खोकी मोजत बसलो. त्या शिसारीत थोडा वाटा माझाही होता.

घरी ताईंनी रघुला सगळं सांगितलं. तो आपल्या मालवणीत म्हणाला, "सरांपेक्षा तुका जास्त कळता? तू नुसते काप काढतंस गो बाय." दुसऱ्या दिवशी हे त्यांनी मला काप काढता काढता सांगितलं.

मंगळवारी पाहुणे आले. सरांनी रघुलाही बोलावून घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो उभा होता आणि सर पाहुण्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत होते, "अशाच गरजू माणसांसाठी हे सगळं." दुकानात माल दाखवावा तसा त्यांनी तो माणूस दाखवला. इतकी किळस मला नाक्यावरच्या उघड्या गटाराचीही कधी आली नाही.

सरांनी चंपाताईंकडून काच घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली, स्वतः बघितली. हिरवं दिसल्याबरोबर मान डोलावली. बाकी काही बघायची त्यांची सवय कधीच सुटली होती. पाहुण्यांनी बघितलं. मग सरांनी रघुला वाकायला लावलं.

"दिसतंय हिरवं? तुमच्या पोटातही औषध असंच जाऊन चिकटेल."

"सर," चंपाताई म्हणाल्या, "त्या काचेवर उंदीर नाहीच. काहीच नाही. सकाळी मी अंड्याचं पांढरं चोळून रंग घातलाय, तेवढंच आहे."

एक पाहुणा पुन्हा वाकला, बराच वेळ बघत राहिला. सर हसत होते, पण आता ते हसू कुठे ठेवावं त्यांना कळत नव्हतं.

"खरं आहे," मी म्हणालो. इतक्या उशिरा, तेवढेच दोन शब्द.

रघु सूक्ष्मदर्शकापासून मागे सरला. सरांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. शर्टावरून पोटावर एकदा हात फिरवला आणि बहिणीला म्हणाला, "बाय, उद्या इस्पितळात माझ्याबरोबर येतंस?"