तोंड मिटलेले बोंबील

त्याने माझ्या सुकटीवर सेंट मारला.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ होती. मी रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसले होते. टोपलीत सुकट, म्हणजे सुकवलेला जवळा, आणि बाजूला बोंबलांची चळत. दोन दिवस उन्हात बसून, कावळे हाकलत राखलेला माल. समोर गाडीतून उतरलेल्या दोन बायका भाव करत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या वॉटरपार्कचा निळा शर्टवाला साहेब रस्ता ओलांडून आला. एका हाताने नाक दाबलेलं. दुसऱ्या हातात बाटली, संडासात मारतात ती, लिंबाच्या वासाची. त्याने काही विचारलं नाही. वाकला आणि फवारलं. टोपलीवर, बोंबलांवर. थोडं माझ्या पदरावरही.

"आता कसं माणसात आल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

बायका हसल्या. एकीने तर मोबाइल काढला.

आणि मी काय म्हणाले? ते सांगायची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते. मी म्हणाले, "सॉरी साहेब."

माझा माल नासवला त्याने, आणि माफी मागितली मी. टोपली घरामागे नेऊन ओतली. कोंबड्या धावत आल्या, दोन चोची मारल्या आणि माना झटकत निघून गेल्या. कोंबड्यांना कळलं. मला कळायला पुढचे चार महिने लागले.

आमचं गाव काशीदच्या पुढे, मुरुडकडे जाताना लागतं. रस्त्याच्या एका अंगाला पार्क आणि दुसऱ्या अंगाला, समुद्राकडे, आमचं खळं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या आणि त्यावर बोंबील टाकायचे. बोंबील टाकायलाही हात लागतो. दोन बोंबील घ्यायचे, दोघांची तोंडं उघडायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर सोडायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. गाठ नाही, दोरा नाही. वारा कितीही उठू दे, जोडी पडत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूने हे शिकवलं. त्या बारीक दातांनी माझी बोटं सोलून निघाली होती. सासू म्हणाली होती, "रडू नको. बोटांना सवय व्हईल." झाली.

पार्क आलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. चार घसरगुंड्या आणि एक तळं, एवढंच होतं तेव्हा. लोक पाण्यात खेळून भुकेले होऊन बाहेर यायचे. चंद्रीच्या खानावळीत बाकावर जागा मिळायची नाही. चंद्री माझी शेजारीण, तिच्या हातच्या कोलंबीच्या कालवणाला पुण्याची माणसं नावाजायची. सरबतवाला होता, शहाळेवाला होता. घरी जाताना लोक माझ्याकडून बोंबील बांधून न्यायचे.

मग पार्कचा दुसरा टप्पा निघाला. भिंत उठली, दोन माणसांएवढी उंच. आत जेवणाचा मोठा हॉल झाला. मनगटावर कागदी पट्टा बांधायला लागले आणि बाहेर पाऊल टाकलं की तो पट्टा कापायचा, परत आत नाही. मग बाहेर येतंय कोण मरायला? फाटकावर पिशव्या तपासायला माणूस बसला. सकाळी कुणी माझ्याकडून सुकट घेऊन आत निघालं की तो पुडी काढून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकायचा. त्या ड्रममध्ये मी माझ्या हातची पुडी ओळखली आहे. वर कुणीतरी आइस्क्रीमचा कप टाकला होता.

चंद्रीने सहा महिने तग धरला. मग चूल विझवली आणि पार्कचा गणवेश घालून आत संडास धुवायला लागली. जिच्या हातचं खायला माणसं रांगेत उभी राहायची, तिला आत रबरी हातमोजे दिले. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या घरावरून जाताना मला किळस यायची. तिची नाही. या सगळ्याची.

पण स्वतःचीही येऊ लागली, हे खरं दुखणं. त्या फवाऱ्यानंतर माझं डोकं फिरलं म्हणा. हात धुतले की हुंगायचे. लिंबाच्या फोडी चोळून चोळून नखं पांढरी केली. एसटीत बसले की कोपऱ्यात, खिडकीला चिकटून. लहानपणी आईची टोपली कंडक्टर टपावर टाकायला लावायचा. आई त्याला अशी काही शिवी हासडायची की अर्धी गाडी गप्प. मी त्याच आईची मुलगी, आणि मी माझा माल लपवायला लागले. बोंबील प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंडं चिकटवून टाकली. दोऱ्यांवर निळी ताडपत्री ओढली, भिंतीपलीकडच्या गोऱ्यागोमट्या नाकांना त्रास नको म्हणून. ताडपत्रीखाली मासळीला घाम फुटला. आधी बुरशी आली, मग अळ्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालात अळी पडली.

त्याच दिवसांत हाजराबी आली. हाजराबी आगरदांड्याची. सासूच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. तिचा मुलगा कुवेतला. तो सुट्टीवरून परत निघाला की ती येणार, पाच किलो बोंबील आणि दोन किलो सुकट नेणार. तिची तऱ्हा ठरलेली. बोंबील उचलायचा, मोडायचा, डोळे मिटून हुंगायचा. मान हलली की माल पास.

मी तिच्यापुढे पिशवी ठेवली. तिने ती उलटसुलट केली, टरकन फाडली. बोंबील मोडला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"या अल्ला! काय गो हे? बोंबील हाय का साबणाची वडी?"

मी हात पदराखाली घेतले.

"तुझ्या हातालाबी तोच वास. काय चोळतेस काय तू?"

मग मी सांगितलं. पार्क, बाटली, त्या दोन बायका, सगळं. मला वाटलं म्हातारी मला जवळ घेईल. कसलं काय. तिने बोंबील माझ्या मांडीवर टाकला.

"माझा पोर तिकडे पिशवी उघडतो नि पयलं नाक आत घालतो. सात माणसांच्या खोलीत ऱ्हातो तो. पैसं मी ह्या वासाचं देते. नि तू तोच धुऊन टाकलास? कुणी सांगितलं तुला?"

ती काही न घेता उठली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती रिकाम्या हाताने आमच्या दारातून गेली. जाताना वळून बघितलंही नाही. साहेबाच्या फवाऱ्याने मी चिडले नव्हते, रडले होते. हाजराबीच्या पाठीकडे बघताना मात्र माझं अंग पेटलं. राग आधी माझाच आला.

आठ दिवसांनी पार्कमधून बोलावणं आलं. निरोप घेऊन चंद्रीच आली. "बोलीत नव्हतीस ना माज्यासंगं? आता चल. सायेबांनी बोलावलंय. तुज्याशिवाय त्यांचा काम अडलाय."

निळा शर्टवाला फाटकावर उभा होता. एरवी 'ए मावशी' म्हणायचा, आता मी 'ताई' झाले होते. पाणी विचारलं. आत नेलं. नव्या टप्प्यात त्यांनी एक कोळीवाडा बांधला होता. खरंच सांगते, कोळीवाडा. सिमेंटची झोपडी, तिला खोट्या नारळाच्या झावळ्या. पाण्यात न जाणारी होडी. चुलीत लाल दिवा पेटलेला. चुलीवर तवा, तव्यावर भाकरी. मी भाकरीला बोट लावलं तर ती टणक.

आणि समोर बांबूंच्या मधे दोऱ्या. दोऱ्यांवर प्लास्टिकचे बोंबील.

रांगेत, एकसारखे, शेपटीला दोरा बांधून उलटे टांगलेले. शे-दोनशे बोंबील आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली. बोंबलाचं तोंड कधी मिटत नाही हो. मेल्यावरही मिटत नाही.

मुंबईहून आलेली एक पोरगी तिथे वही घेऊन उभी होती, हे सगळं तिनेच सजवलेलं. ती म्हणाली, "ताई, काहीतरी चुकतंय ना? खरं वाटत नाहीये. तुम्ही सांगा ना कसं टांगतात ते."

साहेब म्हणाला, "तेवढं दाखवून द्या. आणि तुम्हीच बसा की इथे. लुगडं, अंबाडा, फूल, सगळं आम्ही देऊ. महिन्याला पगार. गेस्ट फोटो काढतील, हसायचं फक्त. विकायचं काही नाही."

"नि माझं खळं?"

"ते बंद करायचं ना ताई. नवीन फाटक त्या बाजूला निघतंय, तिथे गाड्या लागणार. आणि इथे काय कमी आहे? तेच सगळं आहे. फक्त वास नाही."

तो हे मोठ्या कौतुकाने म्हणाला.

तेवढ्यात झोपडीच्या भिंतीवरचं एक यंत्र आपोआप फुसफुसलं. वास आला. लिंबाचा. तोच. माझ्या टोपलीवर मारलेला, पदरावर उडालेला, चार महिने मी नखांत घासून भरलेला तोच वास. मी पदर ओढला आणि नाकाला लावला.

साहेब बघतच राहिला. "काय झालं ताई?"

"वास येतो," मी म्हणाले.

"कसला?"

"तुमचा."

पोरीने वही मिटली. चंद्री हातमोजे घालून मागे उभी होती, तिचा श्वास ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. साहेबाचं तोंड उघडंच राहिलं. मी त्याच्यासमोर तशीच उभी राहिले, नाकाला पदर धरून. माझ्यासमोर लोक कसे उभे राहतात ते मी आयुष्यभर बघितलं होतं. त्या दिवशी त्यानेही बघून घेतलं.

"टांगायचं तेवढं सांगून जा निदान," तो मागून म्हणाला. "त्याचे वेगळे देऊ."

"टांगलेत तेच बरे हायत," मी म्हणाले आणि चालू पडले.

घरी नवऱ्याने डोकं धरलं. तो बोटीवर खलाशी आहे, गुडघे गेलेत त्याचे. "सावलीत बसून पगार मिलत व्हता. आता बस उनात." बोलत बसलं तर भांडण वाढतं आणि मासळी थांबत नाही. पहाटे होडीवरून दोन टोपल्या बोंबील आला होता. मी ताडपत्री ओढून काढली. प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटवायची पट्टी, लिंबाच्या फोडींची वाटी, सगळं उकिरड्यावर टाकलं. मग बसले. दोन बोंबील, दोन जबडे. एकात एक. दुपारपर्यंत सगळ्या दोऱ्या भरल्या. बोटांना पुन्हा दात लागले, कारण मधल्या काळात हात मऊ पडले होते.

हाजराबी परत आलेली नाही. मुलगा तिचा कुवेतला गेला, बोंबलाशिवाय. विक्रीही पूर्वीसारखी नाही, निम्म्यावर आली आहे. सरबतवाला गाडी विकून गेला. खळ्याची जागा मोकळी करा, असा सरकारी कागद हातात पडला आहे. त्यात आमच्या खळ्याला पडीक जमीन म्हटलंय. रोज माणसं राबतात त्या जमिनीला पडीक म्हणायला जीभ कशी रेटते, देव जाणे. गावातल्या सहा जणी अर्जावर अंगठे उठवून माझ्याबरोबर कचेरीत यायला तयार झाल्या आहेत. बाकीच्या तयार नाहीत. त्यांची माणसं आत कामाला आहेत, मी त्यांना दोष देत नाही.

परवा चंद्री आली. आता त्या खोट्या झोपडीत तिला बसवलंय, अंबाड्यात कागदी फूल खोचून. ती उंबऱ्यावरच उभी राहिली. म्हणाली, "अजून शेपटीवरच हायत ते."

"तू न्हाय सांगितलंस?"

"मी न्हाय. आत आपली पंधरा मानसं हायत. कुनीच न्हाय सांगितलं."

मी तिला आत घेतलं, चहा टाकला. तिने जाताना दोरीवरचा एक बोंबील ओढला, मोडला आणि हुंगला. केवढा तरी वेळ हुंगत राहिली.

नव्या फाटकाचं काम सुरू झालंय, बरोबर खळ्यासमोर. मीही काल दोन नवे बांबू रोवले, पार अगदी रस्त्याच्या कडेला. त्यावर ओला माल टाकला. पहिल्या उन्हातला, सगळ्यात जास्त वास येतो तो. साहेबाची गाडी आली. काच वर गेली. मी उठले नाही, सॉरी म्हणाले नाही, पदरही सावरला नाही.

मला उठवायचं तर त्यांना आधी त्या गाडीतून उतरावं लागेल आणि नाकावरचा हात काढून माझ्याशी बोलावं लागेल. तोवर मी इथेच बोंबील टाकत राहणार आहे.