पानात बघायचं नाही

माझी मावसबहीण आमच्याकडे जोगेश्वरीला आली तेव्हा तिने आठवड्यातले पाच वार देवांना देऊन टाकले होते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. राहिलेल्या बुधवारी आणि रविवारी तिला भूक नसायची. मावशीने हे सगळं वारांप्रमाणे सांगितल्यावर माझे वडील म्हणाले, "बुधवार कुठल्या देवाचा तेवढं बघून घ्या. त्याला वाईट वाटत असेल." यावर कोणीच हसलं नाही. मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि वडिलांनी पेपर तोंडापुढे धरला.

ती तेव्हा अठरा वर्षांची होती, मी तेवीसची. तिचं गाव कणकवलीच्या पलीकडे. एसटीतून उतरलं की पुढे तासभर पायवाट. दहावीला गणितात अख्ख्या शाळेत पहिली आलेली, जिभेने तिखट, कोणाच्याही चालीची हुबेहूब नक्कल करणारी मुलगी. आता दारात उभी होती ती कोपरांची आणि डोळ्यांची. बाकीचं सगळं साडीच्या निऱ्यांत कुठेतरी हरवलेलं.

गावात सुरुवातीला तिचं कौतुकच झालं होतं. एवढ्या वयात एवढे उपास, केवढी सोशिक पोर. मग तीच माणसं दृष्ट काढायला आली. वैद्याचा काढा झाला, अंगारा झाला, तालुक्याच्या डॉक्टरची ताकदीची इंजेक्शनं झाली. पाळी बंद झाली तेव्हा मावशी घाबरली, आणि शाळेच्या पायरीवर ती चक्कर येऊन पडली तेव्हा तिने सरळ मुंबईची गाडी पकडली.

"तुझ्या हाताक चव आसा," मावशी आईला म्हणाली. "तू खाववशीत तिका."

आईने हे आव्हान म्हणून घेतलं. त्या आठवड्यात आमच्या घरात जे शिजलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नाही. बांगड्याचं तिखलं, घावणे, वडे, सोलकढी, खापरोळी. आणि आमची चाळ ही चाळ असल्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. प्रत्येक घरातून एकेक वाटी यायला लागली. बहीण प्रत्येकीला नम्रपणे "ठेवा, खाते मी" म्हणायची आणि वाटी रिकामी परत जायची. बायका खूश होत्या. आठवड्याभरात बाळसंही धरलेलं दिसलं, पण ते चाळीतल्या बोक्याने. तो आमच्या मागच्या खिडकीखालून हलेनासा झाला, तेव्हा आईच्या लक्षात आलं.

आई त्या दिवशी तिच्यावर ओरडली. मग रडली. मग ताट घेऊन पुन्हा समोर बसली, "एक घास, माझ्यासाठी." बहीण भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मावशी, माका जमत नाय गो." ती खोटं बोलत नव्हती, हे मला तिच्या आवाजावरून पहिल्यांदा कळलं.

शेजारच्या आक्काने ते ऐकलं असावं. आक्का मूळची जालन्याकडची, पालिकेच्या इस्पितळात आया होती. चाळीत सगळ्यांना तिचा धाक होता, फक्त बुद्धपौर्णिमेला ती खिरीचं पातेलं घेऊन दारोदार फिरायची तेव्हा मवाळ वाटायची. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"असली एक पोरगी होती आमच्या वॉर्डात," ती म्हणाली. "हे पोटाचं नाही. मनाचे डॉक्टर असतात ना, त्यांच्याकडं न्या."

"म्हणजे वेड्यांचे?" आईने विचारलं.

"तिथं येणारी माणसं तुझ्यामाझ्यासारखीच असतात. फक्त खरं बोलतात. मंगळवारी डॉक्टरबाई असतात. मी केसपेपर काढून ठेवते."

आईने चाळीत "पोटाच्या डॉक्टरकडे नेतोय" असं सांगितलं. ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना आक्काचा वॉर्ड कुठला ते माहीत होतं.

डॉक्टरबाई बुटक्या होत्या, पायात रबरी स्लिपर आणि बोलणं भरभर. त्यांनी रक्त तपासायला दिलं, नाडी बघितली आणि मग आम्हाला तिघींना बाहेर काढून बहिणीशी पाऊण तास बोलल्या. एवढा वेळ आमच्या घरात तिच्याशी जेवणाव्यतिरिक्त कोणी बोललं नव्हतं. आम्हाला आत बोलावलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "हट्ट नाही, बाहेरची बाधा नाही. आणि तुमची चूक शोधत बसू नका, वेळ जाईल."

मावशीने आजाराचं नाव विचारलं. बाईंनी इंग्रजी नाव सांगितलं. मावशीने ते दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. "गावात ह्या कसा सांगू? सगळे इचारतत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सांगा, जेवणाची भीती बसलीय. कोणाला पाण्याची बसते, हिला जेवणाची बसलीय."

मावशीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. भीती म्हणजे काय हे गावाला सांगावं लागत नाही.

मग नियम आले. दर मंगळवारी यायचं. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, तिच्याबरोबर कोणीतरी जेवायला बसायचंच. किती खायचं ते बाई ठरवतील, आई नाही. आग्रह नाही, विनवण्या नाहीत, रागावणं नाही. तिच्या अंगाबद्दल बरं-वाईट काहीही बोलायचं नाही, सुधारली तरी नाही. आणि जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही. "तिच्या पानात बघायचंसुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

आई उठता उठता पुटपुटली, "मग बघायचं कुठे?"

हा प्रश्न खरा होता. आमच्या घरात जेवताना आम्ही फक्त जेवणाबद्दल बोलत असू, हे त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं. दुपारी जेवताना रात्री काय करायचं, रात्री जेवताना उद्या बाजारात काय मिळेल, आणि अधूनमधून अमक्याच्या लग्नातली कढी कशी पातळ होती. तो विषय काढून घेतल्यावर पाच माणसं भुरके मारत भिंतीकडे बघत बसली. आई दोन वेळा "आज त्या सुरमईवाल्या—" असं म्हणून जीभ चावत गप्प झाली. तिसऱ्या दिवशी ती कळवळून म्हणाली, "अहो, काहीतरी बोला ना."

वडील गिरणीत विणकर होते. संपानंतर गिरणी गेली ती गेलीच, आणि ते अंधेरीला एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार झाले. रात्रपाळी करून सकाळी आठला येत. बहिणीची सकाळची पेज त्यांच्याबरोबर ठरली होती. ते पेपर मोठ्याने वाचू लागले. पहिल्या दिवशी छोट्या जाहिरातींवर आले आणि "वधू पाहिजे. सुस्वरूप, सडपा—" इथे थबकले. पान उलटून अतिशय गंभीर आवाजात म्हणाले, "हरवले आहेत. एक गृहस्थ. टक्कल, चष्मा, मराठी बोलतात." बहिणीच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिलं, आणि लगेच भिंतीकडे बघितलं.

पेपरही संपतो. मग एका सकाळी वडील गिरणीबद्दल बोलले. संपापासून त्यांनी हा विषय घरात काढला नव्हता, आम्हीही कधी छेडला नव्हता. मागांच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून विणकर खुणांनी बोलत. मुकादम येतोय याला एक खूण, धागा तुटला याला एक, चहाला चल याला एक. मुकादमाची खूण जरा आचरट होती, ती त्यांनी अर्धीच दाखवली.

"पुरी दाखवा ना," बहीण म्हणाली.

घरात आल्यापासून तिने मागितलेली ती पहिली गोष्ट. वडिलांनी आईकडे बघितलं आणि पुरी दाखवली. त्यानंतर महिनाभर आमची सकाळ मुक्यांच्या शाळेसारखी चालली. बहीण एका हाताने खुणा करायची, दुसऱ्या हातात पेजेचा चमचा. तिने नव्या खुणाही बनवल्या. आईची खूण होती डोळे वटारून पानात डोकावणं. आई म्हणाली, "मी अशी नाही दिसत." ती अगदी तशीच दिसायची.

पण हे सगळं सरळ चढत गेलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. एका संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत कपडे काढत होतो. मी तिला विचारलं, हे सुरू कसं झालं. तिने दोरीवरचे चिमटे काढून पिशवीत टाकले.

"बघायला आले होते," ती म्हणाली. "मुलाच्या आत्याने माझा दंड चिमटीत धरला आणि म्हणाली, कोकणातल्या पाण्यावर बरी फुगलीय. सगळे हसले. मी पण हसले."

"मग?"

"मग दिवाळीत तू गावी आलीस. तोवर मी बारीक झाले होते. तू माझ्या कमरेला हात घालून म्हणालीस, तुझं बरं आहे गं, मला पण सांग काय करतेस ते."

मला ते आठवलं. मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं, कारण तेव्हा मलाही बघायला येत होते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही झालं. पण तुला सांगायचं होतं." आणि माझ्या खांद्यावर चिमट्यांची पिशवी अडकवून आत गेली.

त्याच्या पुढच्या पंधरवड्यात ती पुन्हा खाईनाशी झाली. मंगळवारी बाईंनी नाडी बघितली आणि तिला दाखल करून घेतलं. अकरा दिवस. आई जिन्यात बसून राहायची, कारण वर गेली की तिचे डोळे पानाकडे वळत. आक्का मात्र आपली सुट्टी झाली की स्वतःचा डबा घेऊन बहिणीच्या खाटेशी बसायची आणि भाकरी-ठेचा खात वॉर्डातल्या सिस्टरांची उणीदुणी सांगायची. बहीण मला म्हणाली, "आक्का बोलत असते तेव्हा आपण काय करतोय ते विसरायला होतं." आक्काला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं बोलणं एवढं गुणकारी असेल तर मला आयाचं काम कशाला देतात."

हळूहळू, पाच महिन्यांत, ती गावी जाण्याएवढी झाली. आता अडचण गावाची होती. डॉक्टरबाई इथे, आणि तिथे पाच वार देवांचे. बाईंनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली मोठ्या अक्षरात "सर्व उपास बंद" लिहून सही केली. मावशी चिठ्ठी घडी करत म्हणाली, "डॉक्टरांची सही देव मानतलो काय?" बाई म्हणाल्या, "नसेल मानत तर जो मानतो त्याला शोधा. आणि तुम्ही शिकलात तेवढं गावाला शिकवा."

दीड महिन्याने पत्र आलं. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती सांगत होती आणि बहीण लिहीत होती. मावशीने गावच्या गुरवाला चिठ्ठी नेऊन दिली होती. त्याने ती देवापुढे ठेवली आणि चार माणसं गोळा करून गाऱ्हाणं घातलं, की ह्या चेडवाने आजवर केलेले उपास पावले, पुढचे नकोत, वाईट वाटून घेऊ नको, म्हाराजा. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. त्यानंतर वाडीतल्या एकाही बाईने तिला उपासाचं विचारलं नाही. मावशीने घरोघर जाऊन बजावलंही होतं, की भेटलात तर शाळेचं विचारा, पावसाचं विचारा, अंगाबद्दल चकार शब्द नको. पत्रात पुढे मावशीचं वाक्य होतं, "चेडू आता बरा जेवता." त्याच्यापुढे बहिणीने आपल्या मनाने लिहिलं होतं, "हे वाक्य नियमात बसत नाही, मी सांगितलं तिला, पण लिहायला लावतेय."

ती दर दोन महिन्यांनी एसटीने मुंबईला यायची, नंतर सहा महिन्यांनी. एका चुलतबहिणीच्या लग्नात एकदा ती घसरली, पण या वेळी तिने स्वतःच बाईंना पत्र टाकलं. गावात बालवाडी निघाली तिथे ती शिकवायला लागली. पोरांना ती आमच्या घरातल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवते असं मावशीकडून कळलं. तिचं पूर्ण बरं झालं का, असं मला लोक विचारतात. मी सांगते, की जेवण तिला कधीच सोपं झालं नाही, पण ती रोज जेवली.

ती गावी गेल्याला तीन वर्षं झाली तेव्हा अशीच एका मंगळवारी आली. बरोबर पलीकडच्या वाडीतली एक पंधरा वर्षांची मुलगी होती आणि तिची आई. आईच्या हातात चुरगळलेला रुमाल होता. मी त्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर इस्पितळात गेले. रांगेत मुलगी कोणाशी बोलेना. बहिणीने तिची गणिताची वही मागून घेतली आणि त्यातलं एक चुकलेलं गणित सोडवायला लागली. मुलीने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "ता बरोबर हा, तुमीच चुकवलात."

आमचा नंबर आला. डॉक्टरबाईंनी दारात बहिणीला बघितलं आणि चष्मा वर केला.

"काय गं, काय झालं?"

"मला काही नाही," बहीण म्हणाली. "मी हिच्या सोबत आलेय."