घेवडा लागला का?

आईचे दिवस झाले आणि मी ग्वाल्हेरला परत निघाले. कोरेगावच्या स्टँडवर अप्पा सोडायला आले होते. "चला ना माझ्याबरोबर," मी दहाव्यांदा म्हटलं. त्यांनी खिशातून घेवड्याच्या बियांची पुडी काढली. "आधी हे तिकडं लावून बघ. लागला, तर मी येतो." एसटी हलली. मागं राहिले अप्पा, एकटे, न्हाणीत एकदा पडून उठलेले.

शांताकाकू, तुम्ही आमच्या शेजारच्या, सख्ख्या मावशीपेक्षा जवळच्या. गावात म्हणतात, पोरीनं खोटं बोलून बापाला नेलं. मध्यंतरी तुम्हीही फोनवर जरा तुटकच बोललात. म्हणून लिहिते.

इथं खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात आमची तिसऱ्या मजल्यावर गच्ची. मी मूर्ख, आल्याबरोबर अर्धं बी लावलं. ग्वाल्हेरची थंडी सात वर्षं सोसली, पण ती मातीत किती मुरते ते मला ठाऊक नव्हतं. बी कुजलं. मग शिवरात्रीपर्यंत हात बांधून थांबले आणि उरलेलं लावलं. दह्याच्या डब्यांत टोमॅटो-वांग्यांची रोपं केली, ती बिचारी मुकाट आली. घेवडा मात्र उगवेपर्यंत मी रोज शाळेत शिकवायला जाण्याआधी कुंडी उकरून बघायचे. जास्त थांबलं तरी पंचाईत, कारण इथला वसंत जेमतेम महिन्याचा. मग जे ऊन पडतं त्यात घेवड्याचं फूल टिकत नाही. त्यात अप्पा कधी कधी फोन उचलायचे नाहीत. मग मी तुम्हालाच फोन लावायचे, "काकू, जरा डोकावता का?" तुम्ही दर वेळी गेलात.

होळीनंतर एके दिवशी मी शाळेत असताना अप्पांचा फोन सासूबाईंनी घेतला. त्यांच्या चार पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, मराठी अर्धी हिंदीत मुरलेली. त्यांच्याकडे दूध सांडत नाही, गिरतं. आता माझंही गिरतं. अप्पांनी विचारलं, "घेवडा लागला का?" आपल्याकडं लागला म्हणजे शेंगा धरल्या. सासूबाईंना वाटलं, लावून झाला का असं विचारताहेत. त्या म्हणाल्या, "हो तर, लागला नं! पूर्ण छतावर लागला आहे."

अप्पांनी तिकीट काढलं. रविवारी पोचतो म्हणाले.

संध्याकाळी मला कळलं आणि मी गच्चीवर धावले. एकाही झाडाला शेंग नव्हती. फोन करून खरं सांगावं, तर ते येणार नाहीत. न सांगावं, तर आल्या पावली परत जातील आणि पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. "तू कशाला इतकी परेशान होतेस," सासूबाई म्हणाल्या, "आल्यावर मी माफी मागून घेईन." मी जुनी साडी बांधून सावली केली, दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं. फुलं गळतच राहिली. काकू, मी फोन केला नाही. एवढं पाप माझं, ते कबूल.

अप्पा आले ते चहासुद्धा न घेता गच्चीवर गेले. वाकून पानं उलटून बघायला लागले. मी सगळं सांगून टाकलं.

"शिवरात्रीला लावलंस," ते म्हणाले. "महिन्याभरात कुठं घेवडा लागतो? मला तेवढं कळत नाही होय?"

"मग आलात कसे?"

"विहीणबाई हो म्हणाल्या." हातातलं पान सोडून म्हणाले, "घर खायला उठतं, बाई."

मी तिथंच कुंड्यांमध्ये बसून रडले.

घेवडा उन्हानं गेला. अप्पा आहेत. नई सडकेवरून चवळीचं बी आणून त्यांनी स्वतः लावलंय. इथं तिला बरबटी म्हणतात, तेही आता तसंच म्हणतात. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. हे ऊन त्यांना सोसेल का, जिन्यावर पाय घसरला तर, एक दिवस उठून परत जातो म्हणाले तर.

परवा तुम्ही त्यांना फोन करून कुठं आहात विचारलंत. ते म्हणाले, घरीच आहे. तुम्हाला वाटलं, आले परत. लगोलग गावातल्या आमच्या घरी गेलात, दाराला कुलूप बघितलंत आणि घाबरून मला विचारलंत, अप्पा गेले कुठं? काकू, ते गच्चीवर बरबटीला पाणी घालत होते.