योहानसाठी लावलेला कौल

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणारा माणूस आहे, मानणारा नाही. चौलला आमच्या घरी राहायला येणाऱ्या पाहुण्यांना 'रेवदंड्याच्या किल्ल्यात बिनमुंडक्याचा पोर्तुगीज शिपाई फिरतो' असं मीच सांगतो... आणि तो शिपाई मीच जन्माला घातलाय! तेव्हा पुढचं वाचून 'हा थापा मारतोय' असं वाटलं, तर तुमचं चुकलं नाही. पण ही थाप नाही.

पाहुण्यांचा सीझन नसला की मी कॉम्प्युटरवर परदेशी लोकांची घराणी शोधून देतो. मूळच्या कोकणातल्या एका बेने इस्रायली ज्यू पाहुण्याच्या पणजोबांचा तेलघाणा शोधून दिला, तिथून ही चटक लागली. आमची मंगल म्हणते, "स्वतःच्या पणज्याचं नाव विचारलं तर डोकं खाजवतात, आणि चालले जर्मनांची श्राद्धं घालायला!"

तर यंदा मार्थाबाईंचं काम आलं. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम अमेरिकेतल्या माळरानावर. त्यांच्या आजोबांचे वडील योहान हे जर्मनीहून आलेले. झाड नाही, दगड नाही, तर या गड्याने गवताळ मातीची ढेकळं रचून घर बांधलं आणि शेती उभी केली. मार्थाबाईंचा भाऊ नुकताच वारला होता. जाताना म्हणाला, "आपण जिथून सुरू झालो, तिथे मला ठेव." त्याची राख बाईंच्या स्वयंपाकघरात फडताळावर होती. जर्मनीचं तिकीट काढलेलं. फक्त गाव सापडत नव्हतं... म्हणजे सापडलं होतं, पण एकाच नावाची तीन!

मी हट्टाला पेटलो. जर्मनीत दिसेल त्याला मेल टाकले, फोन केले. तिन्ही गावांत योहान नावाची माणसं पोत्याने होती. बाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, आणि त्यांच्या मागे तो राखेचा डबा दिसायचा.

शेवटी मंगल वैतागली. "अहो, गावदेवीला कौल लावा आणि मोकळे व्हा!"

मला कल्पना फारच आवडली. भक्ती म्हणून नव्हे हो, गंमत म्हणून! सकाळीच दोघं देवळात गेलो. आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"सदूकाका, देवीला जर्मन कळतं का?" मी गुरवाला विचारलं.

"तुला कलतं?"

"नाही."

"मंग तू कसा शोधतोस? गप उभा ऱ्हा."

आणि काकांनी गाऱ्हाणं घातलं. काय सांगू तुम्हाला! "बाय माझे, सात दर्यांच्या पल्याड तुझी एक लेक हाय, मार्था नावाची. तिचा भाऊस मातीला लागायचा खोलंबलाय. योहान कंच्या गावचा, ता दाखव माझे माय!"

मी ओठ चावून हसू दाबलं. नाव तिन्हींचं एकच, म्हणून जिल्ह्यासकट पहिलं गाव विचारलं. डावी कळी पडली. दुसऱ्यालाही डावी. आता मी पंखा बंद करायला लावला, कळ्या हाताळून पाहिल्या, सगळे डाव खेळून झाले. तिसरं गाव... डावी!

तेवढ्यात काकांच्याच बोलीत दबका प्रश्न आला, "हा मूळपुरुष तिचा हाय तरी का?"

काकाच बोलले असं धरून मी म्हटलं, "आता हे काय नवीन—" तोवर डावी कळी टपकन पडली. म्हणजे नाही.

घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. ही एक गोष्ट मी कधी तपासलीच नव्हती. मार्थाबाईंच्या भावाने मरण्याआधी डीएनए तपासून घेतला होता. योहानच्या धाकट्या मुलाच्या वंशातल्या एका गृहस्थांनीही घेतला होता. दोन्ही रिपोर्ट कुणी शेजारी ठेवले नव्हते, ते मी ठेवले. योहानच्या बायकोकडून नातं जुळत होतं, पण बापाकडून मुलाकडे येणारी खूण अजिबात जुळत नव्हती.

त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे? थोरला बोटीवर जन्मला, त्याच्या आईचं योहानशी लग्न व्हायच्या आधी. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे!"

थोरला म्हणजे मार्थाबाईंचे आजोबा.

हे बाईंना सांगताना माझ्यासारख्या बोलघेवड्याचीही जीभ जड झाली. त्यांनी मागे वळून राखेच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी योहानला हे मूल दिसत होतं ना?"

"हो, दिसणारच."

"आणि तरी जमीन थोरल्याच्या नावावर केली."

तिकीट त्यांनी रद्द केलं. माळरानावर योहानच्या थडग्याशेजारी भावाची राख पुरली. "आम्ही याच्या घरात सुरू झालो," म्हणाल्या. "तो कुठून आला ते त्याचं त्याच्यापाशी."

मी मंगलबरोबर नारळ घेऊन देवळात गेलो. सदूकाकांना म्हटलं, "काका, तो चौथा प्रश्न तुम्हाला सुचला कसा?"

काकांनी नारळ खाली ठेवला. "मना? अरे, तूच इचारलास ना! मी तं कल्या लावीत होतो, माझी पाठ तुझेकडं."

मी मंगलकडे पाहिलं.

"तुम्ही दोघंही नाही," ती म्हणाली. "बाईचा आवाज होता. मला वाटलं, मागून दर्शनाला कोणी आलंय, म्हणून मी सरकून जागासुद्धा दिली."

चार वेळा डावी पडली, त्याला योगायोग म्हणा, मी भांडणार नाही. पण तो प्रश्न विचारला गेला नसता, तर एक म्हातारी आपल्या भावाला परक्या गावच्या मातीत ठेवून आली असती. तो कोणी विचारला? मी पुष्कळ डोकं लढवलं, आणि एरवी पदरचं रचायला मला मिनिट लागत नाही... पण इथे काहीच रचता येत नाही.

मंगलने जागा दिली होती, तिथे मागे दार नाही, नुसती भिंत आहे.